पायाचं माप आणि आबास्तोच्या गल्ल्या

टँगो शिकायला ब्युनॉस आयर्सला गेलेले कितीतरी परदेशी प्रवासी तिथे पायाचं माप देऊन नाचाचे बूट शिवून घेतात. प्रवासवर्णनांत हा खरेदीचा तपशील म्हणून एका ओळीत उरकला जातो. मला मात्र तो त्या प्रवासाचा गाभा वाटतो. परक्या शहराचा एखादा भाग कळायचा असेल, तर तिथे आपलं काहीतरी काम अडलेलं असावं लागतं, आणि ते एका फेरीत संपणारं नसावं. तयार बूट अर्ध्या तासात घेता येतात. मापाच्या बुटांसाठी आधी माप द्यायला, मग पायात घालून बघायला आणि शेवटी ते न्यायला त्याच गल्लीत परत जावं लागतं. मधल्या दिवसांत फिरण्याला काम मिळतं, कारण बूट कसे हवेत याचं उत्तर दुकानात बसून मिळत नाही.

लावणी काय, कथक काय, आपल्याकडची नर्तकी अनवाणी नाचते, त्यामुळे नाचात बुटाचं इतकं काय महत्त्व, असा प्रश्न आपल्याला पडू शकतो. टँगोत सगळा भार एका चवड्यावर घेऊन शरीर वळतं. रबरी तळ जमिनीला धरून राहतो आणि पीळ गुडघ्याला बसतो. गुळगुळीत चामड्याचा तळ लाकडावर छान सरकतो, पण घोटलेल्या फरशीवर घसरू शकतो. म्हणून टाच किती उंच, चवड्याला पट्टा किती घट्ट, याइतकाच तुम्ही कुठे नाचता हा प्रश्न कारागिराला महत्त्वाचा असतो. आणि इथे ‘कुठे’ याचा अर्थ वस्तीपर्यंत जातो. शहराच्या मध्यभागातल्या मिलोंगांत, म्हणजे टँगोच्या नाचसभांत, गर्दी फार, म्हणून तिथे छातीला छाती टेकवून तोकड्या पावलांनी नाचण्याची रीत रुजली. उत्तरेकडच्या विशा उर्कीसा भागात क्लबांच्या ऐसपैस जागेत लांब, संथ पावलांची शैली वाढली आणि तिला त्या भागाचंच नाव पडलं. तिथल्या संडरलँड क्लबची मिलोंगा तर बास्केटबॉलच्या मैदानावर भरते. हा फरक पायांनी अनुभवल्याशिवाय प्रवासी कारागिराला काय सांगणार? बूट नीट व्हायचा तर शहर आधी पायांखालून जावं लागतं.

पहिल्या फेरीत जे दिसत नाही ते परतफेरीत दिसतं, याचा पुरावा आबास्तो या भागात मिळतो. टँगो गायक कार्लोस गार्देल या भागात वाढला, ‘आबास्तोचा सावळा पोरगा’ हीच त्याची ओळख झाली. जाँ जोरेस रस्त्यावरचं त्याचं घर आता संग्रहालय आहे. एकदाच येणारा ते बघतो, रंगवलेल्या भिंतींचे फोटो काढतो, मोठ्या मॉलमध्ये कॉफी पितो. बुटांसाठी पुन्हा पुन्हा यावं लागलं की मॉलच्या भव्य कमानी प्रश्न विचारायला लागतात. ती इमारत 1934 सालची, भाजीपाल्याच्या घाऊक बाजारासाठी बांधलेली. 1984 मध्ये बाजार शहराबाहेर गेला, आसपासच्या रिकाम्या घरांत गरीब कुटुंबं राहू लागली आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस मॉल आला तेव्हा त्यांतल्या अनेकांना तिथून काढण्यात आलं. जवळपासच्या पेरू देशाच्या खानावळी बघितल्या की स्थलांतरितांची ये-जा अजून थांबलेली नाही हेही लक्षात येतं. टँगो अशाच लोकांनी घडवला: बोटीतून उतरलेले इटालियन आणि स्पॅनिश मजूर, आफ्रिकी वंशाचे रहिवासी, एकेका खोलीत राहणारी कुटुंबं. 1914 च्या जनगणनेत या शहरातली जवळजवळ निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती. याउलट, ला बोका भागातला कामिनितो हा रंगीत रस्ता 1959 पासून उघडं संग्रहालय म्हणून जपलेला आहे. तो सुंदर आहे, पण तिथे प्रवाशाला दुसऱ्यांदा बोलावणारं काही नाही.

यावर कोणी म्हणेल, ही सुधारित खरेदीच झाली. पैसेवाला परदेशी माणूस बूट घेतो आणि त्याला समज म्हणतो. या आक्षेपात तथ्य आहे. तिथल्या चलनाची, पेसोची, किंमत घसरत असताना डॉलर घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला स्थानिक नर्तकापेक्षा जास्त मान मिळू शकतो, आणि भाव वाढले तर त्याची झळ त्या नर्तकालाच बसते. पण प्रवासी येणारच असेल, तर त्याचा पैसा तयार मालाच्या दुकानात जातो की फर्म्यावर चामडं ताणणाऱ्या हातांकडे, याने फरक पडतो. दुसरा आक्षेप जास्त नेमका आहे: कागदावर पाऊल आखून माप पाठवता येतं, मग जायचं कशाला? पाय बसेल इतपत बूट त्यातून होईल. पण आपण कोणत्या जमिनीवर, कशा गर्दीत नाचतो हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते पुरेल. जो अजून शिकतो आहे, त्याने माप पोचताक्षणी न देता आधी दोन-चार मिलोंगा कराव्यात. आणि परतीच्या आदल्या दिवसापर्यंत तर ते मुळीच लांबवू नये, कारण बूट पायात घालून बघण्याची फेरी मग हातची जाते.