कोठ्याचे घर



काही महिन्यांपूर्वी मूर्तिजापूरपासून थोड्याच अंतरावरच्या एका गावी घराच्या आशीर्वादासाठी आम्हाला बोलावणे आले. घर नवे म्हणावे तर नवे, जुने म्हणावे तर फार जुने. मुळात तो बैलांचा कोठा. सागाचे खांब तसेच ठेवलेले, हातभर जाड मातीच्या भिंती सारख्या करून रंगवलेल्या, कवेलूंच्या खाली फळ्यांचे छत, पायाखाली गुळगुळीत फरशी. एका बाजूला न्हाणी आणि संडास, खिडकीशेजारी ए.सी. गव्हाण होती तिथे आता बसायला ओटा. भिंतीवर जुने जू आडवे टांगून त्याला तीन दिवे लावलेले. पुण्याला नोकरी करणारा मुलगा सुट्टीत बायकामुलांना घेऊन येतो, त्याच्यासाठी ही सोय. घर स्वच्छ होते, थंड होते, देखणे होते. आम्हाला मनापासून आवडले.

पवित्र पाणी शिंपडत आम्ही दाराशी आलो तेव्हा अंगणात कडुनिंबाखाली एक म्हातारा उभा दिसला. तो त्या घरचा जुना सालदार. तीस-पस्तीस पाडवे त्याने त्याच घरी काढले. रात्री त्याची बाज याच कोठ्यात, बैलांच्या शेजारी असे. बैल विकले त्या साली त्याचे कामही संपले. जेवणासाठी त्याला आठवणीने बोलावले होते, त्याच्याशी सगळे प्रेमाने बोलत होते. पण ‘आत ये’ म्हणायचे कुणाला सुचले नाही. आम्हालाही नाही.

जेवणाच्या पंगतीत घरचे आजोबा हळूच म्हणाले, “फादर, ढोरायचा कोठा व्हता हा. आता आमी याच्यात ए.सी. लावून झोपतो. बराबर हाय का हे?” आम्ही हसून म्हणालो, “आजोबा, प्रभू येशू स्वतः गव्हाणीत निजला, मग तुम्ही कशाला घाबरता?” सगळे हसले. विषय संपला. गावी परतताना मोटारसायकलवर मात्र जाणवले की आजोबांनी विचारले एक आणि आम्ही उत्तर दिले भलत्याच प्रश्नाचे. त्या कुटुंबाची संमती घेऊन आज त्या प्रश्नाकडे परत येत आहोत. कुणाला दोष द्यायचा म्हणून नव्हे. आपल्यापैकी अनेकांच्या घरामागे असा एखादा कोठा आज रिकामा उभा आहे, म्हणून.

कोठे रिकामे का झाले हे आपण जाणतोच. २०१२ च्या पशुगणनेत आपल्या देशात नर गोवंश, म्हणजे बैल, गोऱ्हे सगळे धरून, सुमारे ६ कोटी ७९ लाख होता. २०१९ च्या गणनेत तो ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत दोन कोटींची घट. नांगरणी-पेरणी ट्रॅक्टरकडे गेली. वऱ्हाडात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोयाबीनच्या कुटारावर बैलजोडी किती दिवस पोसायची? शिवाय सालभर बांधून घ्यायला आता कोणी तयार नाही, आणि का असावे?

हे फक्त आपल्याकडे घडत आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये शेतीची यंत्रे इतकी मोठी झाली की ती जुन्या कोठारांच्या दारातून आत जाईनात. कोठारे ओस पडली आणि लोकांनी त्यांची घरे केली. तिथल्या सरकारने २०१४ मध्ये नियम सैल करून ठरावीक मर्यादेत शेतीच्या इमारतींची घरे करणे सोपे केले. महाराष्ट्र शासनानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. शहरातली माणसे चार दिवस शेतावर राहायला येऊ लागली की मळ्यातल्या जुन्या खोल्यांनाही नवे दिवस येतात.

तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. रिकाम्या कोठ्याचे घर करणे यात वाईट काही नाही. वापर नसलेला मातीचा कोठा दोन-तीन पावसाळ्यांत बसतो. वाळवी लागून सागाचे खांब मातीमोल होऊ देण्यापेक्षा त्यांच्याखाली नातवंडे खेळलेली बरी. जाड मातीची भिंत उन्हाळ्यात जेवढा गारवा देते तेवढा चार इंची विटेची भिंत देत नाही. आपल्या अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा म्हाताऱ्या माणसाने ए.सी. लावून झोपणे ही चैन म्हणता येणार नाही. सुखाने राहणे हे पाप नाही.

मग आजोबांना खटकले ते काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलची चार कारणे आम्ही पाठ केली होती. कोणतीही वस्तू समजून घ्यायची तर ती कशाची बनली, तिचा आकार कोणता, ती कुणी घडवली आणि ती कशासाठी आहे, हे चार प्रश्न विचारावेत. कोठ्याचे घर होते तेव्हा खांब तेच राहतात, भिंती त्याच राहतात, आकारही बराचसा तोच. बदलते ते चौथे कारण, म्हणजे ‘कशासाठी’. आणि नीट पाहिले तर ‘कशासाठी’बरोबर ‘कुणासाठी’ही बदलते. घर आपण स्वतःसाठी बांधतो. कोठा आपल्या बापजाद्यांनी स्वतःसाठी बांधला नव्हता. मालक त्यात राहत नसे. बैल राहत, व्यालेली गाय राहत असे, सालदार निजत असे, रात्री उशिरा आलेला वाटसरूही तिथेच अंग टाकत असे. आपल्याच वाड्यातली ती दुसऱ्यांची जागा होती. आजोबांच्या मनाला बहुधा हेच टोचत असावे. ज्या जागेवर आपण कधी निजलो नाही ती आता आपली झाली, मग ज्यांची होती त्यांचे काय?

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. जुन्या कोठ्याच्या आठवणी काढताना आपण फार गोड होतो. शेणाचा वास, घंटांचा आवाज, पोळ्याला रंगवलेली शिंगे. पण सालदार ज्या कोपऱ्यात निजत होता तिथे डास होते, ओल होती, पावसाळ्यात सापही निघत. ढोरांशेजारची जागा त्याच्या वाट्याला आली ती काही त्याच्या आवडीने नव्हे. म्हणून ‘त्याला त्याचा कोपरा परत द्या’ असे म्हणणे म्हणजे न्याय नव्हे. तो कोपरा कुणालाच परत मिळू नये. प्रश्न असा आहे की आपण कोठ्यातून वर आलो, तेव्हा तो कुठे गेला? चौकशी केल्यावर कळले, गावाच्या कडेला टिनाच्या खोलीत. त्याच मे महिन्यात, त्याच उन्हात.

त्या घरात आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली. नव्या रंगावर, फरशीपासून वीतभर उंचीपर्यंत, पांढरी बुरशी आल्यासारखे दिसत होते. ती बुरशी नव्हे, लोणा. ढोरांच्या मुताने वर्षानुवर्षे भिजलेल्या जमिनीत आणि भिंतीच्या पायथ्यात क्षार मुरतात. वरून सिमेंटचा गिलावा चढवला तरी ओल आली की ते पांढरे होऊन बाहेर पडतात आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. जाणता गवंडी आधी आतली जुनी माती खणून काढतो, भिंत पुरती वाळू देतो आणि मग सिमेंटऐवजी चुन्याचा किंवा मातीचा गिलावा देतो, म्हणजे आतली ओल बाहेर पडायला वाट राहते. लोणा झाकला तर जात नाही, खणूनच काढावा लागतो. माणसामाणसांतल्या देण्याघेण्याचेही तसेच आहे. वरून प्रेमाने बोलून, सणाला जेवायला बोलावून ते झाकले जाते, पण फिटत नाही.

आपल्या भाषेत धान्याचे कोठार, ढोरांचा कोठा आणि माणसाचे पोट म्हणजेही कोठाच. तिन्ही भरायच्या जागा. संत लूकच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, कोठारे पाडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला आहे. सामान्य काळातल्या अठराव्या रविवारी दर तीन वर्षांनी तो आपण ऐकतो. पीक चांगले आले यात त्याचा अपराध नाही. कोठार बांधणे हाही अपराध नाही. पण तो दाखला पुन्हा वाचा. तो माणूस प्रश्न स्वतःलाच विचारतो, उत्तर स्वतःलाच देतो आणि विश्रांतीही स्वतःलाच देऊ करतो. पीक कापणारे हात, रास करणारे गडी, शेजारी, कोणीच त्याच्या बोलण्यात येत नाही. त्याच्या कोठारात धान्याला जागा होती, माणसाला नव्हती.

याच्या उलट गोष्ट असीसीच्या संत फ्रान्सिसची. १२१० च्या सुमारास तो आणि त्याचे पहिले सोबती रिव्होतोर्तो येथे एका पडक्या खोपटात राहत होते. जागा इतकी अपुरी की बसायलाही अडचण. एके दिवशी एक शेतकरी आपले गाढव घेऊन थेट आत शिरला. हे लोक जागा बळकावून बसणार असे त्याला वाटले. फ्रान्सिसने वाद घातला नाही. सोबत्यांना घेऊन तो तिथून निघून गेला. आपण सगळ्यांनी घरे सोडावीत असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. अर्थ एवढाच की ज्या छपराखाली आपण आहोत त्यावर आपल्याआधी कुणाचा तरी हक्क असू शकतो, हे त्याने क्षणभरही विसरू दिले नाही.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. संत गाडगेबाबांचे बालपण आपल्याच तालुक्यातल्या दापुरीला, मामाच्या घरी गेले. तिथे त्यांनी गुरे राखली, शेत कसले. १९०५ मध्ये घर सोडून ते निघाले ते १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत लोकांत फिरत राहिले. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. मूर्तिजापुरातही धर्मशाळा आणि गोरक्षण उभे केले. लाखो रुपयांच्या इमारती बांधल्या आणि त्यांतली एकही स्वतःच्या निवाऱ्यासाठी ठेवली नाही. कोठ्यात वाढलेल्या त्या माणसाला ‘दुसऱ्यांसाठी जागा’ म्हणजे काय हे कुणी शिकवावे लागले नव्हते.

आता आजोबांना, उशिरा का होईना, खरे उत्तर देतो. आजोबा, बैलांच्या जागी झोपायला हरकत नाही. बैल गेले, त्यांची जागा रिकामी झाली. पण त्या जागेत आणखी एक जण झोपत होता. त्याची बाज आज कुठे आहे ते एकदा जाऊन पाहा, मग झोपा. घराच्या मागे कोठ्यावरून उतरलेले कवेलू आणि उरलेले सागाचे वासे अजून पडून आहेत, ते त्याच्या टिनाच्या जागी चढू शकतात. घरकुलाच्या यादीत त्याचे नाव आहे की नाही हे तुमचा शिकलेला नातू एका दिवसात पाहू शकतो. आणि भिंतीवरचे ते जू. ते एका मानेचे कधीच नसते, दोन मानांचे असते. दिवे लावताना तेवढे लक्षात असू द्या.

यापुढे घराच्या आशीर्वादाला आलो की पाणी शिंपडण्याआधी आम्ही एक गोष्ट विचारणार आहोत. या जागेत आधी कोण राहत होते, आणि ते आज कुठे आहेत? राग मानू नका.

या प्रश्नाची सुरुवात आमच्यापासूनच व्हायला हवी. चर्चच्या मागची जुनी कोठी दोन वर्षांपूर्वी आम्ही नीट करून घेतली. फरशी बसवली, पंखे लावले, बैठकीची खोली केली. पूर्वी त्या कोठीत खेड्यांवरून दवाखान्यात आलेल्या रुग्णांचे नातेवाईक रात्री थांबत. खोली चांगली झाली आणि आम्ही तिला कुलूप लावू लागलो. त्यांनी रात्र कुठे काढली हे आम्ही विचारले नाही. येत्या रविवारपासून त्या खोलीत दोन बाजा आणि पाण्याचा माठ ठेवत आहोत. शेवटची बस चुकली किंवा घरचे माणूस दवाखान्यात असले, तर कोणत्याही धर्माच्या माणसाने रात्री कितीही वाजता दार वाजवावे. किल्ली आमच्याकडे आहे.

आपले धर्मगुरू