एका शहरातले दोन नाताळ

24 डिसेंबरच्या संध्याकाळी दिल्लीत गोल डाकखान्याच्या बाजूला गाडी घेऊन जाणारा पस्तावतो. सेक्रेड हार्ट कॅथेड्रलकडे जाणाऱ्या रस्त्यांवर लाल टोप्या, लुकलुकणारी शिंगं आणि फुगे विकणाऱ्यांची दाटी असते. दुसऱ्या दिवशी तर फाटकाबाहेर रांगच लागते, आणि त्या रांगेत ख्रिस्ती माणसं थोडीच. कोणी मेणबत्ती लावतं, कोणी गव्हाणीतल्या बाळापुढे हात जोडतं, बाकीचे फोटो काढतात. धर्म कुठलाही असो, दर्शन घेतल्याशिवाय परतायचं नाही, हा खास इथला रिवाज!

नववर्ष उलटलं की गुरुग्राम-नोएडाच्या मॉलमधली झाडं उतरतात, केकच्या किमती खाली येतात. शहराच्या लेखी नाताळ संपलेला असतो. पण दिल्लीत राहणाऱ्या रशियन आणि इथिओपियन ऑर्थोडॉक्स मंडळींचे उपास अजून चालूच असतात. इथिओपियन उपास 43 दिवसांचा. मांस, दूध, अंडी वर्ज्य. तो 7 जानेवारीला ‘गेना’च्या दिवशी सुटतो, इंजेरा आणि कोंबडीच्या झणझणीत रश्श्यावर. रशियन घरांतून आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसेपर्यंत थांबायचं आणि मग शिजवलेले गहू मधात कालवून खायचे, अशी जुनी रीत आहे.

मग खरा दिवस कोणता? शुभवर्तमानांत तारीखच नाही. मत्तय आणि लूक जन्माची कथा सांगतात. महिना, ऋतू, काहीच सांगत नाहीत. 25 डिसेंबरचा पहिला स्पष्ट उल्लेख सापडतो तो रोममध्ये, सन 354 च्या एका संकलनात. पूर्वेकडे 6 जानेवारीला जन्म आणि बाप्तिस्मा एकत्र साजरा होई, आणि अर्मेनियन चर्चने तो परिपाठ सोडलेला नाही. दिल्लीत किशनगंजच्या जुन्या दफनभूमीत त्या समाजाच्या खुणा उरल्या आहेत. कोलकात्याचे मूठभर अर्मेनियन मात्र आजही 6 जानेवारीलाच नाताळ करतात.

रशियनांचं प्रकरण निराळं. त्यांनी तारीख बदललेली नाही, त्यांचाही नाताळ 25 डिसेंबरचाच! पण तो जुन्या जूलियन दिनदर्शिकेतला. 1582 मध्ये पोप तेराव्या ग्रेगरींनी दिनदर्शिका सुधारली तेव्हा फरक दहा दिवसांचा होता. आज तेरा दिवसांचा आहे. 2100 साली तो चौदाचा होईल आणि 2101 पासून रशियन नाताळ 8 जानेवारीला जाईल.

दिल्लीतल्या मराठी घराला हा घोळ नवा वाटू नये. इथे पौर्णिमान्त महिने चालतात, म्हणून शेजाऱ्यांचा श्रावण पंधरा दिवस आधीच लागतो. जन्माष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, शेजाऱ्यांच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण अष्टमी. रात्र मात्र एकच. महिन्याचं नाव वेगळं आणि दिवस एक. रशियन नाताळाचं बरोबर उलटं: तारखेचं नाव एक आणि दिवस वेगळे. एकादशीही कधी कधी स्मार्तांची आज नि भागवतांची उद्या असते, म्हणून कोणी कोणाला पाखंडी ठरवत नाही.

ख्रिस्ती इतिहासात मात्र ठरवलं गेलं. शास्त्रात आधार नाही तर सण कशाला, असं म्हणत इंग्लंडच्या प्युरिटन पार्लमेंटने 1647 मध्ये नाताळ बंद केला. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी आली ती थेट 1958 साली. प्युरिटनांचा तर्क बिनतोड होता, हे मान्य करायला हवं. फक्त सण तर्कावर उभा नसतो, हे त्यांच्या हिशेबात बसलं नाही.

दिल्लीतली केरळी ऑर्थोडॉक्स चर्चं या बाबतीत जास्त शहाणी म्हणावीत. त्यांची परंपरा सीरियाची, तारीख मात्र सर्वमान्य 25 डिसेंबर. त्याआधी 25 दिवसांचा उपास. नाताळच्या उपासनेत चर्चबाहेर क्रूसाच्या आकाराचा खड्डा करतात, झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या आणि वर्षभरात वाळून गेलेल्या झावळ्या त्यात टाकतात आणि पाद्री तो जाळ पेटवतात. मंडळी भोवती फिरतात, आगीत ऊद टाकतात. बेथलेहेमच्या मेंढपाळांची शेकोटी ती हीच, अशी भावना. हौज खासच्या सेंट मेरीज कॅथेड्रलची मंडळी याच परंपरेतली. तारीख शेजाऱ्यांबरोबरची, जाळ आपल्या घरचा.

पण म्हणून तारीख ही निव्वळ सोय, असंही म्हणता येत नाही. युक्रेनने जुलै 2023 मध्ये कायदा करून नाताळची सुट्टी 7 जानेवारीवरून 25 डिसेंबरला आणली. युद्ध चालू असताना रशियाबरोबर एकाच दिवशी प्रार्थना नको, हे त्यामागचं उघड कारण. ऑर्थोडॉक्स चर्च ऑफ युक्रेननेही सप्टेंबरपासून नवी दिनदर्शिका घेतली. मॉस्कोशी जुनं नातं असलेलं दुसरं चर्च 7 जानेवारीलाच राहिलं. येशूचा जन्म केव्हा झाला, याबद्दल दोन्ही बाजूंचं ज्ञान सारखंच. भांडण सणाच्या जेवणाला कोणाच्या पंगतीला बसायचं, याचं आहे.