रुजण्याची वेळ

दत्तजयंतीला घरचा झेंडू वाहायचा, तर बी कोजागिरीच्या सुमारास पेरावं. फुलायला साधारण दोन महिने लागतात. गेल्या वर्षी मी दिवाळीनंतर पेरलं. उबेत पाच-सात दिवसांत रुजणारं बी थंडीत दहाव्या दिवशीही वर येईना. बँकेतली सवय, रोजचा हिशेब रोज जुळलाच पाहिजे! माती उकरली. मुळं फुटलेली होती, ती माझ्याच बोटांनी तुटली. वाचलेली रोपं पौषात फुलली.

मग माणसानं प्रयत्न कुठं थांबवावा? मला वाटतं, वेळेवर पेरणं, पाणी घालणं आपलं, रुजवणं त्याचं. श्रीदत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंत पृथ्वी पहिली, ती सहनशीलतेसाठीच. यंदा कोजागिरीलाच पेरलं, आणि उकरलं नाही.

श्रीगुरुदेव दत्त!