न पाहिलेल्या शेजाऱ्याचे ऋण

ज्याचे मुख आपण कधी पाहिले नाही, ज्याचा आवाज ऐकला नाही, आणि ज्याला आपले नावही कधी कळणार नाही, अशा माणसाचे आपण काही देणे लागतो काय? बहुतेक सज्जन या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच देतील. परंतु मुखाने होय म्हणणे निराळे, आणि अंधाऱ्या खोलीत एकटे बसून, कोणी पाहत नसता, ते होय पाळणे निराळे. आज आम्ही हा प्रश्न एका धंद्याच्या उदाहरणाने तपासून पाहणार आहो. त्या धंद्यातील माणसे रोज कित्येक लोकांच्या देहाचा अंतर्भाग पाहतात. परंतु त्या लोकांस मात्र ती सहसा पाहत नाहीत.

नागावच्या वाडीत नारळीपोफळींचे शिंपणे करणाऱ्या एखाद्या गृहस्थाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, अथवा एखाद्या बाईस महिनोन् महिने डोकेदुखी जडली, तर पूर्वी लोक अंगारेधुपारे करीत. आता त्यांस अलिबागेस नेतात, आणि पुष्कळदा तेथून पनवेलीस किंवा मुंबईस नेतात. व डॉक्टर सांगतात की, मेंदूचा एम.आर.आय. करा. हे यंत्र पाहून ग्रामस्थ भितात, म्हणून त्याविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. यात क्ष-किरण नसतात. यात एक मोठा पोकळ लोहचुंबक असतो, व रोग्यास त्याच्या पोकळीत निजवितात. आपल्या शरीरातील पाण्यात हायड्रोजनचे जे सूक्ष्म कण आहेत त्यांतील काही चुंबकाच्या ओढीने एका दिशेस वळतात. मग रेडिओच्या लहरीने त्यांस क्षणभर हलवितात, आणि पूर्वस्थितीस येताना ते जो मंद संकेत देतात, त्यावरून संगणक चित्र तयार करतो. आत ठोकल्यासारखा मोठा आवाज होतो, पण दुखत नाही. ज्यांच्या शोधांवर ही रीत उभी आहे त्या पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांस २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

चुंबकाची गोष्ट नागावकरांस अगदीच परकी नाही. गावापासून काही मैलांवर अलिबागेस चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, व त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील नाजूक उपकरणांची मोजणी बिघडणार, हे ओळखून डॉ. नानाभाई मूस यांनी अलिबाग हे ठिकाण निवडले, आणि १९०४ साली तेथे काम सुरू झाले. तथापि त्यांनी जुने ठिकाण लगेच सोडले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालविली. हेतू हा की, नव्या आकड्यांचा जुन्यांशी मेळ बसावा. आज जे विद्वान त्या आकड्यांचा उपयोग करतात ते तेव्हा जन्मासही आले नव्हते. ज्यांस आपण कधी पाहणार नाही अशांसाठी दोन वर्षे दुप्पट श्रम करणे, हे आमच्या प्रश्नाचे एक उत्तरच नव्हे काय?

आता मूळ विषयाकडे वळू. यंत्राने चित्र काढले म्हणजे रोग कळला, असे पुष्कळांस वाटते. परंतु तसे नाही. एका मेंदूची शेकडो चित्रे निघतात, आणि ती वाचणारा मनुष्य निराळा असतो. त्यास रेडिऑलॉजिस्ट म्हणतात. वैद्यकाची पदवी घेतल्यावर आणखी तीन वर्षे तो ही एकच विद्या शिकतो. हल्ली चित्रे क्षणात दूरच्या शहरी पाठविता येतात. तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरील रोग्याचा मेंदू वाचणारा कोठे पुण्यास किंवा मुंबईस बसलेला असू शकतो. त्याच्यापुढे नाव, वय व दोन ओळींची हकीकत, एवढेच येते.

कोणी म्हणेल की, अशा माणसावर नीतीचा भार तो काय? नाडी पाहणारा वैद्य रोग्याच्या डोळ्यांतील भीती पाहतो, म्हणून त्याचे मन द्रवते; याने तर केवळ कागद वाचावा व मजुरी घ्यावी. आम्हांस हे म्हणणे उलटे वाटते. समोर बसलेला रोगी ‘डॉक्टर, दुखते ते येथे नव्हे, तेथे’ असे सांगून चूक सुधारू शकतो. जो समोर नाही त्यास ही सोय नाही. तो सर्वस्वी दुसऱ्याच्या निष्ठेवर विसंबून असतो. ज्याचे विसंबणे अधिक, त्याचे ऋणही अधिक.

या ऋणाचा पहिला भाग हा की, सर्व पाहावे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ रेडिऑलॉजिस्टांस छातीची चित्रे देऊन फुफ्फुसांतील गाठी शोधण्यास सांगितले होते. त्या चित्रांत मुद्दाम एका गोरिलाची आकृती घातली होती, व ती नेहमीच्या गाठीहून कितीतरी मोठी होती. २४ पैकी २० जणांस ती दिसली नाही. ही माणसे आळशी नव्हती. ती गाठीच शोधीत होती, म्हणून दुसरे काही दिसले नाही. तेव्हा डोळे उघडे असणे पुरत नाही. ‘जे मी शोधीत नाही तेही येथे असेल’ अशी नम्रता मनात असावी लागते.

दुसरा भाग हा की, दिसेल तेवढेच सांगावे, व त्याचे खरे माप सांगावे. नेदरलंड्समधील रॉटरडॅम येथे २,००० सर्वसाधारण लोकांच्या मेंदूची चित्रे घेतली, व त्यांचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी शेकडा ७ जणांच्या मेंदूत रक्तपुरवठा तुटल्याच्या खुणा निघाल्या, शेकडा सुमारे २ जणांच्या रक्तवाहिनीस फुगवटा आढळला, व तितक्याहून थोड्या कमी लोकांत सौम्य प्रकारची गाठ निघाली. म्हणजे मेंदूत काही निघाले की मरण आले, असे नव्हे. जो वाचक किरकोळ गोष्ट भयंकर शब्दांत लिहितो तो एका निर्दोष घराची झोप हिरावतो; आणि जो आपल्या सोयीसाठी शंका दडवितो तो त्याहून मोठा अपराध करतो. ‘निश्चित सांगता येत नाही’ हे वाक्य लिहिण्यास धैर्य लागते.

तिसरा भाग वेळेचा. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली असता दर मिनिटास सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळविणारे औषध बहुधा साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नागावच्या रोग्याचा त्यातील बराच वेळ रस्त्यातच जातो. उरलेला वेळ ज्याच्या मेजावर पडून असतो त्याने चहा घेण्यापूर्वी विचार करावा.

परंतु येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. दिसेल ते सर्व सांगावे, हाच नियम काय? तसे म्हणावे तर याच धंद्यातील दुसरे एक यंत्र, सोनोग्राफी, आपणांस थांबविते. गर्भ मुलगा की मुलगी हे त्यात दिसते. आणि ते सांगितल्यामुळे आपल्या देशात असंख्य मुली जन्मापूर्वीच नाहीशा झाल्या. म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली व साऱ्या देशाने १९९४ साली कायदा करून हे सांगणे गुन्हा ठरविले. तेव्हा मेंदूतील गाठ लपविणे पाप, आणि गर्भाचे लिंग सांगणेही पाप! यात विरोध आहे काय? आमच्या मते नाही. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच: ज्याला पाहिले, त्याच्या हिताशी पाहणारा एकनिष्ठ राहिला काय? पैसे देणारा कोण, विचारणारा कोण, हा प्रश्न मागाहूनचा. गर्भातील बालकाइतका न पाहिलेला, न बोलणारा व विसंबून असलेला शेजारी दुसरा कोणता?

आता आपल्याकडे पाहू. कारण ऋण एका बाजूचे नसते. चुंबकाच्या खोलीत जाण्यापूर्वी अंगात धातूची पट्टी, हृदयाचे यंत्र, किंवा डोळ्यात लोखंडाचा कण असेल तर तो आपण सांगितलाच पाहिजे. हे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाहून तीस हजारपटींहून अधिक जोरदार असते, आणि चित्र काढणे थांबले तरी त्याची ओढ चालूच राहते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एका तरुणाने प्राणवायूची टाकी त्या खोलीत नेली. चुंबकाने टाकीसह त्यास ओढले व तो प्राणास मुकला. तसेच जुन्या फिल्मा पावसाळ्यात भिजू न देता जपाव्या. मूस यांनी जुन्या आकड्यांशी नवे ताडून पाहिले तसेच चित्र वाचणाऱ्यासही करावे लागते. आणि आणखी एक गोष्ट. पुष्कळ घरांत रिपोर्ट रोग्यापासून लपवितात. शब्द मृदू असावेत, वेळ पाहून बोलावे; परंतु ज्याचे मस्तक आहे त्यालाच परके करू नये.

जे उपदेशक रोग्यास सोबत म्हणून जातात त्यांनी घरातील मंडळींस एवढे समजवावे की, त्या चित्रात मेंदूचे मांस, पाणी व रक्तवाहिन्या दिसतात. माणसाचा विचार, त्याची माया किंवा त्याचा पश्चात्ताप त्यात दिसत नाही. चित्र वाचणाऱ्यास जे दिसत नाही ते ओळखणारे कोणीतरी खाटेजवळ बसलेले असले पाहिजे.

अलिबागेसमोरील समुद्रात खांदेरीच्या बेटावर १८६७ पासून दीपगृह आहे. तेथील रखवालदारास कोणत्या होडीत कोण बसले आहे हे कधी कळले नाही; दिवा मात्र लावावा लागे. गावची विहीर स्वच्छ ठेवणारा, मंडळीच्या वहीत नावे अचूक लिहिणारा, औषधाच्या पुड्या बांधणारा, हे सर्व त्याच पंगतीतले. आपले काम कोणाच्या उपयोगी पडेल हे त्यांस ठाऊक नसते; ते नीट करणे मात्र त्यांच्या हाती असते, आणि तेवढे आपणा सर्वांच्याही हाती आहे.