संशयाचा अधिकार आणि संशयाचे ऋण

साथीच्या काळात वैद्य आणि सरकार जे सांगतील ते निमूटपणे मानावे की त्याविषयी शंका घ्यावी, हा प्रश्न २०२० सालापासून आपल्या समाजात घरोघरी वादाचा झाला आहे. मुखपट्टी, टाळेबंदी, लस आणि देवळांची बंद दारे यांच्या निमित्ताने बापलेकांत आणि भावाभावांत अबोला धरला गेला. साथ ओसरली, पण प्रश्न सुटला नाही. तो केवळ मागे पडला. पुढली साथ येईल तेव्हा तोच वाद पुन्हा उभा राहील. म्हणून स्वस्थतेच्या काळातच त्याचा विचार करून ठेवणे आम्हांस उचित वाटते.

एक पक्ष म्हणतो, रोग हा वैद्यकाचा विषय आहे. त्यात इतरांनी तोंड घालू नये. दुसरा म्हणतो, अधिकाऱ्याचा शब्द हा सत्तेचा शब्द आहे आणि सत्तेवर विसंबणारा फसतो. आमच्या मते या दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. विश्वास किंवा संशय हा त्यांनी आपला स्वभाव करून टाकला आहे. वस्तुतः तो विषयागणिक तपासून ठरवावयाचा असतो.

आपल्या शास्त्रकारांनी या बाबतीत मोठा विवेक दाखविला आहे. न्यायदर्शनाने ज्या सोळा पदार्थांचे विवेचन केले त्यांत संशयाला मानाचे स्थान आहे. कारण संशयावाचून विचाराला आरंभच होत नाही. परंतु त्याच दर्शनाने आप्ताचा उपदेश हेही प्रमाण मानले आहे. मग आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायनाचा आशय असा की, ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. म्हणजे आप्तपण जन्माने येत नाही, आणि पदाने वा शिक्क्यानेही येत नाही. त्याला ज्ञान लागते आणि प्रांजळपणा लागतो. दोहोंपैकी एक जरी उणे पडले, तरी शंका घेण्यास जागा होते.

हे लक्षण आता १८९६-९७ च्या प्लेगला लावून पाहू. मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये ही साथ प्रथम ओळखली ती डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याचे, बार्देशातील हडफडे गावचे. त्यांचे निदान पुढे तज्ज्ञांच्या तपासणीत खरे ठरले. व्हिएगस त्या बाबतीत खरे आप्त होते. त्यांनी रोगी पाहिले आणि जे पाहिले ते सांगितले.

त्यानंतर सत्ता पुढे झाली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीने घरझडतीसाठी गोरे सोजीर धाडले. ते स्वयंपाकघरात शिरले, देवघरात शिरले. माणसे छावण्यांत नेली गेली, चीजवस्तू जाळल्या गेल्या. या कडक उपायांमागे ज्ञान किती होते? प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. परंतु तो उंदरांच्या पिसवांमार्फत माणसाला बाधतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने कराचीत दाखवून दिले ते १८९८ मध्ये, आणि तेही वैद्यकाने लगेच स्वीकारले नाही. म्हणजे ज्या वेळी माणसांची घरे उलथीपालथी होत होती, त्या वेळी रोगाची खरी वाट अधिकाऱ्यांनाच ठाऊक नव्हती. अज्ञान हा दोष नव्हे. अज्ञान असता निश्चयाचा आव आणणे आणि तो आव संगिनीच्या बळावर लादणे, हा दोष होय. त्या काळच्या लोकांचा संशय निराधार नव्हता.

परंतु तोच संशय सरसकट झाला तेव्हा त्याने अनर्थही केला. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, तेथे काही काळेबेरे चालते, अशा अफवा पसरल्या होत्या. हाफकिन यांच्या लसीबद्दलही असेच झाले. मुंबईत तयार केलेली ही लस जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ती पूर्ण संरक्षण देत नव्हती, पण धोका कमी करीत होती. जो सांगतो तो स्वतःवर आधी प्रयोग करतो, ही आप्तपणाची केवढी मोठी खूण! तरीही सोजिरांविषयीचा राग लसीवर निघाला आणि अनेकांनी ती नाकारली. एकाच सरकारच्या हातून आलेल्या दोन गोष्टींपैकी एक टाकाऊ आणि दुसरी घेण्याजोगी असू शकते, हा विवेक संतापाच्या भरात सुटला.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मलकोवाल या गावी लस टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. एकाच बाटलीतली लस त्या सर्वांना दिली होती. दोष हाफकिन यांच्यावर आला, त्यांचे काम सुटले. बाटली गावात उघडताना ती दूषित झाली असावी, असा पुरावा पुढे मांडला गेला. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. येथे संशय योग्यच होता, कारण माणसे मेली होती. पण तो चौकशीपर्यंत आणि चौकशीतून उत्तरापर्यंत गेला, म्हणून तो सफल झाला. जो संशय उत्तर मागतो पण उत्तर ऐकत नाही, तो संशय नव्हे; तो हट्ट होय.

मग शंका घेणाऱ्याचे कर्तव्य कोणते? पुण्याच्या त्याच प्लेगमध्ये त्याची उदाहरणे सापडतात. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून प्लेग कमिटीच्या कारभारावर कडक टीका केली, परंतु ते पुण्यातच राहिले आणि हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यात पुढे झाले. त्यांचा आक्षेप उपचाराच्या रीतीला होता, उपचाराला नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी विलायतेत होते. सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी तेथे जाहीरपणे केला. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना, तेव्हा त्यांनी तो तितक्याच जाहीरपणे मागे घेतला आणि क्षमा मागितली. त्याबद्दल स्वकीयांचा रोषही सोसला. आणि सावित्रीबाई फुले कोणत्याही वादात न पडता रोग्यांची शुश्रूषा करीत राहिल्या. तोच रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

या तिघांवरून आम्ही असे समजतो की, संशय हा अधिकार आहे खरा, पण त्याच्यावर तीन प्रकारचे ऋण आहे. कशाविषयी शंका आहे ते नेमके सांगावे. पुरावा नसेल तर शब्द मागे घ्यावा. आणि शंकेची किंमत होईल तितकी स्वतः मोजावी, ती शेजाऱ्याच्या माथी मारू नये.

अलीकडच्या साथीतही हीच कसोटी लागू पडते. २०२० मध्ये ज्या कायद्याचा आधार घेतला गेला तो १८९७ चाच होता. २४ मार्च २०२० च्या रात्री चार तासांच्या सूचनेवर सारा देश बंद झाला आणि मजूर पायी गावाकडे निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच महिन्यात हा रोग हवेतून पसरत नाही असे ठासून सांगितले, आणि पुढे आपले म्हणणे बदलले. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देण्याचे जाहीर केले. पण हे औषध प्रयोगाबाहेर वापरू नये, असे त्याच जागतिक संघटनेने मार्चमध्येच सांगितलेले होते. जेथे अधिकारीच परस्परविरुद्ध बोलतात, तेथे सामान्य माणसाने विचारावे, यात पाप कसले? मत बदलले म्हणून वैद्यक खोटे ठरत नाही. ज्ञान वाढले की मत बदलतेच. परंतु ‘आज आम्हांस इतकेच ठाऊक आहे’ असे आरंभीच सांगितले असते, तर पुढचा अविश्वास पुष्कळ टळला असता.

तथापि येथे एक भेद कधीही विसरू नये. गोळी घ्यावी की न घ्यावी, हा बव्हंशी आपल्या देहाचा प्रश्न असतो. संसर्ग मात्र आपल्या देहाशी थांबत नाही. सभामंडपात खांद्याला खांदा लावून उभे राहणारा भक्त आपला श्वास शेजारच्या वृद्धाला देत असतो, आणि त्या वृद्धाची संमती कोणी विचारलेली नसते. २०२० च्या आषाढीला संतांच्या पादुका पायी वारीऐवजी बसने पंढरपुरास गेल्या. शतकांच्या रिवाजाला मुरड घालताना वारकऱ्यांना यातना झाल्या असतील यात शंका नाही. पण आपल्या निष्ठेची किंमत दुसऱ्याने प्राणांनी मोजावी, हे कोणत्या भक्तीत बसते?

गीतेत संशयी माणसाच्या नाशाविषयी जे सांगितले आहे त्याचा दाखला पुष्कळदा दिला जातो. पण ती सगळी गीता अर्जुनाच्या शंकांतूनच उभी राहिली, याचा विसर पडतो. भगवंतांनी त्याला प्रश्न विचारल्याबद्दल दटावून गप्प केले नाही; अठरा अध्याय उत्तर दिले. आणि अर्जुनाने ते ऐकले. वैद्यकाने आणि शासनाने पहिल्यापासून धडा घ्यावा, आपण दुसऱ्यापासून. विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही तेथे आज्ञा उरते, आप्तवाक्य उरत नाही. आणि उत्तर मिळूनही जो ऐकत नाही, त्याच्याजवळ शंका उरत नाही, केवळ भय किंवा अहंकार उरतो. पुढल्या साथीत या दोहोंतले आपले स्थान कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.