निरपेक्षतेचा आश्रय

अध्यात्म आणि कला यांचे नाते सांगताना आपल्याकडे बहुधा विषयाची साक्ष काढली जाते. अभंग गायला म्हणजे गाणे आध्यात्मिक, देवतेची मूर्ती घडवली म्हणजे शिल्प आध्यात्मिक, अशी सोयीची वाटणी करून आपण मोकळे होतो. अंबाबाईच्या वास्तव्यामुळे दक्षिण काशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या करवीरात, म्हणजे कोल्हापुरात, या वाटणीला आधार पुष्कळ सापडेल. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी याच नगरीत दोन असे कलावंत नांदत होते की, त्यांच्याकडे लक्षपूर्वक पाहिले असता ही वाटणी टिकत नाही. एक गवई, दुसरा चित्रकार. दोघेही मुसलमान, आणि दोघेही छत्रपती शाहू महाराजांच्या पदरचे.

अल्लादियाखाँसाहेबांचा जन्म १८५५ सालचा, राजस्थानातील उनियाऱ्याचा. आपले पूर्वज शांडिल्य गोत्री ब्राह्मण होते, अशी त्यांच्या घराण्याची परंपरा. कोल्हापूर दरबारात रुजू होण्यापूर्वी, ऐन उमेदीच्या काळात, आमलेट्याच्या दरबारी गाण्याचा अतिरेक होऊन त्यांचा आवाज बसला, आणि पुढे दीर्घ काळाने जो परत आला त्यात पूर्वीची तेजी व माधुर्य नव्हते. गवयाच्या बाबतीत आवाज हाच अहंकाराचा मूलाधार असतो; तो हिरावला गेल्यावर मनुष्य एकतर खचतो, नाहीतर गतवैभवाच्या आठवणींवर दिवस काढतो. खाँसाहेबांनी यातले काहीच केले नाही. उरलेल्या जाड आवाजाला पेलेल, इतकेच नव्हे तर त्याच आवाजात शोभून दिसेल, अशी लयीच्या अंशाअंशाला धरून चालणारी, दमसासावर उभी राहणारी, अनवट रागांच्या आडवाटांनी जाणारी पेचदार गायकी त्यांनी सिद्ध केली, आणि जयपूर-अत्रौली या नावाने ती आज ओळखली जाते. ज्याला अध्यात्मात अहंतेचा लोप म्हणतात, त्याचे इतके काटेकोर, मात्रा मोजून दाखवता येईल असे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. येथे ‘माझा आवाज’ मागे सरला आणि राग पुढे आला. गाण्याचे शब्द शृंगाराचे होते की भक्तीचे, हा प्रश्न या ठिकाणी गौण ठरतो.

त्यांचे धाकटे चिरंजीव भूर्जीखाँ यांची अंबाबाईच्या देवळात गाण्यासाठी नेमणूक झाली. या घटनेचा उल्लेख सर्वधर्मसमभावाचा दाखला म्हणून केला जातो आणि तो यथार्थच आहे. परंतु मला तिचे महत्त्व आणखी एका कारणासाठी वाटते. मैफिलीत दाद असते, वाहवा असते, बिदागीची आशा असते. गाभाऱ्यासमोर हजेरी लावणाऱ्या गवयाला देवीकडून यातले काहीच मिळावयाचे नसते, आणि तरीही स्वर तितकाच नेमका लागला पाहिजे. भूर्जीखाँकडे शिकलेल्यांत मल्लिकार्जुन मन्सूर होते, कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी होत्या. या दोघांच्याही गाण्यात श्रोत्याला जिंकण्याची घाई कधी नव्हती.

आता दुसरे, आबालाल रहिमान. कुराणाच्या प्रती सुंदर हस्ताक्षरात उतरवणाऱ्या घराण्यातला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, व्हाइसरॉयचे पदक मिळवून नामवंत झाला, आणि मुंबईत कीर्ती व पैसा दोन्ही हात जोडून उभे असताना कोल्हापुरास परतून कोटितीर्थाच्या काठी फकिरासारखा राहिला. तेथील पाणी, झाडी, रंकाळ्यावरची सांज, पाण्यावर क्षणोक्षणी पालटणारा उजेड हेच त्यांचे विषय. पुन्हा पुन्हा तेच तळे, तोच काठ. परंतु प्रहर निराळा, म्हणून चित्र निराळे. जपमाळेचा मणी ओढताना मणी तोच असतो, ओढणारा मात्र दरवेळी थोडा पुढे गेलेला असतो. या पुनरावृत्तीचे मर्म मला तसेच वाटते. या चित्रांत देव नाही, पुराण नाही, उपदेश नाही. जे समोर आहे त्यावर स्वतःची इच्छा न लादता ते पाहात राहणे, एवढेच आहे, आणि ध्यान म्हणून जे सांगतात त्यात याहून वेगळे काय असते?

येथपर्यंत सारे मनाला सुखावणारे आहे. पण पुढची हकीकत तशी नाही. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले, आणि त्या शोकात आबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे सांगतात. ही गोष्ट वैराग्याची परिसीमा म्हणून मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. त्या कौतुकात मी सामील होऊ शकत नाही. कलावंताची निरपेक्षता ही हवेत तरंगणारी वस्तू नव्हे. त्याने बाजाराकडे पाठ फिरवावी म्हणून दुसऱ्या कोणीतरी दप्तरात त्याच्या नावाने तनखा मांडावा लागतो, तो वेळेवर पोचतो की नाही हे पाहावे लागते. महाराज होते तोवर हे होत राहिले. ते गेले आणि दरबारी आश्रयाचा कणाच मोडला. चित्रकाराच्या विरक्तीची स्तुती करताना तिचा खर्च कोण सोशीत होते, हे आपण विसरतो.

त्यातही दोन कलांचे भाग्य सारखे नाही. खाँसाहेब मुंबईस गेले. तेथे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठात त्यांची विद्या उतरली, आणि १९४६ मध्ये ते वारले तेव्हा ती गायकी सुरक्षित होती. केसरबाईंची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानातून सूर्यमालेपलीकडच्या प्रवासालाही निघाली. गाणे शिष्याला देऊन टाकले तरी नाहीसे होत नाही, उलट वाढते. कागदाचे तसे नाही. तो भिजला की संपला. १९३१ च्या अखेरीस आबालाल गेले तेव्हा त्यांच्या कामाला वारस हवा होता तो जतन करणारा, आणि तशी माणसे फार थोडी निघाली. स्वतः चित्रकार असलेल्या माधवराव बागलांनी कोल्हापूरच्या कलावंतांवर पुस्तक लिहून ही माणसे काळाच्या पोटातून वर काढली. बागल सत्यशोधकी वळणाचे, देवभोळेपणाशी जन्मभर झुंजलेले. आबालालांच्या फकिरीला त्यांनी देव्हाऱ्यात बसवले नाही, पण तिच्याविषयी लिहिण्याचे कष्ट घेतले, आणि चित्रे बुडाल्याची कथा भक्तिभावाने सांगणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी तेवढेही केलेले नाही.