मागून येणारीसाठी

१८९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. पंडिता रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बाया सोबत घेऊन पुण्याला परतल्या. पुण्यात प्लेगची साथ होती. एवढा जथा शहरात ठेवणं शक्य नव्हतं. पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगावला रमाबाईंनी जमीन घेतलेली होती. तिथेच या मुलींसाठी निवारे उभे राहिले आणि पुढे त्याच वस्तीचं मुक्ती मिशन झालं.

भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होतं. आई, वडील आणि थोरली बहीण त्यांनी तरुणपणी दुष्काळातच गमावली होती.

त्या मुलींतल्या बहुतेकींच्या कहाण्या लिहिल्या गेल्या नाहीत. म्हणून त्यांच्यातली एक आपण मनानंच उभी करू या.

वय दहा-अकरा. वेशीशी तिला कुणी जात विचारली नाही. जेवायला भाकरी मिळाली, तेव्हा तिनं अर्धीच खाल्ली. उरलेली अर्धी गोधडीखाली लपवली. दुसऱ्या दिवशीही तेच. गोधडीला मुंग्या लागल्या, शेजारच्या मुलींनी तक्रार केली. देखरेखीच्या बाईंनी गोधडी उचलून पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्या ताजी भाकरी घेऊन आल्या. म्हणाल्या, "ही ठेव उशाशी. कालची मला दे."

असं पुष्कळ दिवस चाललं. मग एका रात्री मुलगी पूर्ण भाकरी खाऊन झोपली.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला आणि केडगावला पुन्हा मुली येऊ लागल्या. आपली मुलगी आता हातमागावर बसत होती. एक नवी पोर तिच्या हवाली झाली. थोड्याच दिवसांत कुरबुर सुरू झाली, "ही भाकऱ्या चोरते." मोठीनं पोरीची चटई उचलली, कडक झालेले तुकडे पाहिले आणि स्वयंपाकघराकडे गेली.

"ताजी भाकरी कुणासाठी गं?" बाईंनी विचारलं.

"तिच्या उशाशी ठेवायला. कालची घेऊन येते."

मुक्ती मिशनचं मोठेपण मला इथे दिसतं. आसरा पुष्कळ जण देतात. केडगावात आसऱ्याला आलेल्या बाईच्या हाती कामही आलं: शेती, विणकाम, छपाई. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई यांनी अंध मुलींना ब्रेल शिकवली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते छापायला हात लागले ते याच बायकांचे. ज्यांना घरादारानं ओझं मानलं, त्यांनी ग्रंथ छापला! ख्रिस्ताचं प्रेम सांगायचं ते असं; नुसत्या प्रवचनानं ते पोचत नाही. ज्या मंडळीत पाहुणा वर्षानुवर्षं पाहुणाच राहतो, तिचं स्वागत अपुरं आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

तेव्हा रविवारच्या उपासनेला कुणी नवखं माणूस शेवटच्या बाकावर येऊन बसलं, तर नुसतं हसून थांबू नका. त्याची विचारपूस करा, त्याला जेवायला घरी न्या. आणि थोडा रुळला, की येणाऱ्यांचं स्वागत करायला त्यालाच दारात उभं करा.